तापलेल्या पट्टीची एक कड

आधीच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, आणि मी जे शिकलो तेही धातूंचं, भाषेचं नाही. शिवाय ज्या धातूबद्दल लिहायला बसलो आहे त्यावर मोठमोठ्या प्रयोगशाळांतून माणसं आयुष्यभर काम करतात. मी त्याच्याशी चार महिने नुसता खेटलो. पण आमच्या प्रकल्पाच्या अहवालात तापमान, जाडी, तडे एवढंच बसतं. जे बसलं नाही ते माझ्याजवळ राहून गेलं. ते कुठेतरी ठेवावं असं वाटलं, म्हणून हे धाडस.

शेवटच्या वर्षाला आम्हाला एखाद्या कारखान्यात जाऊन प्रकल्प करावा लागतो. माझ्या वर्गातल्या बहुतेकांना ओळखीतून मोठ्या कंपन्या मिळाल्या. माझी तशी ओळख नव्हती. मला शिकवणाऱ्या सरांनी नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याचा पत्ता दिला आणि म्हणाले, "तिथे टायटॅनियम लाटायचं चाललंय. जमत नाहीये त्यांना. जा, बघ."

"मला जमेल का सर?"

"तुला जमवायचं नाहीये. का जमत नाही ते बघायचंय."

हे वाक्य मला फार धीर देऊन गेलं. बघणं मला जमण्यासारखं होतं.

मी सावेडीत तिघांबरोबर एका खोलीत राहत होतो. तिथून नागापूर लांब नाही. सकाळी शेअर रिक्षा मिळे, नाही मिळाली तर शिफ्टला निघालेला कुणीतरी स्कूटरवर मागे घेई. कारखाना म्हणजे पत्र्याची एक उंच शेड. अर्ध्या शेडमध्ये ड्रिलिंगची मशीनं, आणि मागच्या अर्ध्या भागात गॅसवर चालणारी भट्टी आणि एक जुनं रोलिंग मशीन. उसाच्या चरकात जसे दोन लाट असतात, तसे या मशीनमध्ये एकावर एक दोन पोलादी रोलर. त्यांच्यामधून तापलेला धातू दाबून काढला की तो पातळ आणि लांब होतो. पूर्वी या मशीनवर स्टीलच्या पट्ट्या दिवसभर निघत. आता त्या पट्ट्या बाहेरून तयारच स्वस्तात येतात, त्यामुळे मशीन बरेच दिवस नुसतं उभं होतं.

ते मशीन चालवणारे मिस्त्री पन्नाशी ओलांडलेले, सडपातळ, मनगटं मात्र जाड. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. ते मला पहिल्या दिवसापासून 'इंजिनेर' म्हणत. मी म्हटलं, "मामा, अजून झालो नाही." तर म्हणाले, "मग आत्तापास्नं सवय कर. झाल्यावर कुनी म्हनत न्हाई."

त्यांच्या मशीनच्या बाजूला, हिरवा रंग उडालेल्या बिडाच्या चौकटीवर, खडूने एक मोठा आकडा लिहिलेला होता. तो कसला म्हणून मी विचारलं. मामा रोलर पुसायला वळले. भट्टी सांभाळणाऱ्या माणसाने, जो सदा काहीतरी चघळत असायचा, उत्तर दिलं. "वजन हाय. भंगारवाला येऊन अंदाज घेऊन गेलाय. ह्या टायटॅनियमचं न्हाई जमलं, तर मामांची मशीन भंगारात आन् मामा ड्रिलिंगला."

असा सगळा मामला होता. पुण्याकडच्या एका कंपनीला टायटॅनियमच्या पातळ पट्ट्या हव्या होत्या. मोडलेलं हाड जोडायला शरीरात ज्या पट्ट्या बसवतात, त्या या पट्ट्यांमधून कापणार होते. कंपनीने धातूचे ओतीव ठोकळे पाठवले होते, आणि अट साधी होती: त्यातून चांगल्या तीन पट्ट्या लाटून द्यायच्या. त्या पट्ट्या कंपनी आपल्याकडे वाकवून बघणार. न फाटता वाकल्या तर काम कायमचं मिळणार. नाही तर दसऱ्यानंतर मशीन विकायचं असं मालकांनी, म्हणजे साहेबांनी, ठरवलं होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. स्वतः बाह्या सारून भट्टीशी उभे राहत. पण बंद मशीनला जागा किती दिवस द्यायची, हा त्यांचा प्रश्नही खराच होता.

ठोकळे संपत चालले होते, आणि प्रत्येक पट्टीची कड तडकत होती.

टायटॅनियम मी तोपर्यंत पुस्तकातच पाहिलं होतं. हातात घेतलं तेव्हा पहिल्यांदा नवल वाटलं ते वजनाचं. स्टीलसारखं दिसतं, म्हणून हात तेवढ्या तयारीने खाली जातो, आणि ठोकळा अपेक्षेपेक्षा आधीच उचलला जातो. जिन्याला आणखी एक पायरी आहे असं वाटून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं काहीसं होतं.

त्याच्या स्वभावाबद्दल मला जे समजलं ते साध्या शब्दांत सांगतो. चुकलं तर जाणकारांनी सांभाळून घ्यावं. थंड असताना हा धातू लाटायला गेलं तर तो ऐकत नाही, उलट तडकतो. तापवला की मऊ होतो. पण किती तापवायचा याची मर्यादा अरुंद आहे. आमच्या मिश्रधातूसाठी साधारण नऊशे ते साडेनऊशे अंश. हजाराच्या जरा अलीकडे त्याची आतली सगळी मांडणीच बदलते, आतले दाणे भराभर मोठे होतात, आणि पुढे त्या पट्टीला चिवटपणा राहत नाही. खाली आठशेच्या आसपास आला की कडा फाटायला लागतात. त्यात त्याची आणखी एक खोड अशी, की उष्णता त्याच्यातून सावकाश जाते. वरची कातडी गार झाली तरी आतल्या गरमीला ते लवकर कळत नाही. आत मऊ, वर कडक, अशी स्थिती होते. आणि तापलेला असताना तो हवेतला प्राणवायू ओढून घेतो, त्याने वरचा थर काचेसारखा ठिसूळ होतो. म्हणून भट्टीत घालण्याआधी ठोकळ्याला काचेच्या पुडीचा पांढरा लेप देत. लेप वाळला की ठोकळा चुना लावलेल्या विटेसारखा दिसे.

हे सगळं साहेबांना माहीत होतं. भट्टीचं तापमान बरोबर होतं. लेप बरोबर होता. रोलर थंड असतात म्हणून आधी त्यांना गॅसच्या ज्योतीने शेकून घेत. तरीही कड फाटायची.

माझं काम होतं बंदुकीसारखं दिसणारं एक यंत्र धरून लांबून तापमान मोजायचं. लेपावरचा आकडा थोडा पुढे-मागे होतो, पण आधीच्या आणि नंतरच्या आकड्यातला फरक कळायला तेवढं पुरतं. ठोकळा भट्टीतून निघाला की एकदा, रोलरमधून बाहेर आला की एकदा. दोन्ही आकडे मी वहीत लिहायचो. मधल्या वेळात ठोकळा मामांच्या हातात असायचा, आणि त्या वेळी मी वहीत डोकं घालून असायचो.

मामांचं काम डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसे तेवढंही बघण्यासारखं होतं. भट्टीवाला दार वर करी, मामा लांब सांडशीने ठोकळा ओढत, वळत, आणि दोन पावलांत रोलरशी जात. अंगाला झळ लागत असताना कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. दुसऱ्या बाजूला पट्टी बाहेर पडली की ती वरून परत घेत, पुन्हा भट्टीत, पुन्हा रोलरमध्ये. पट्टीचं मागचं टोक ओळखू यावं म्हणून पहिल्या फेरीनंतर ते त्या टोकाला पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, एक टिपका मारत. "मागं कोन, फुडं कोन, हे ठरलेलं असावं," म्हणत. "न्हाईतर वरात उलटी फिरती."

रविवारी मामा यायचे नाहीत. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून चर्चला जायचे. पण दसऱ्याला, शेडमधल्या सगळ्या मशीनांना झेंडूचे हार पडत तेव्हा, ते न चुकता येत आणि आपल्या मशीनला नवं ग्रीस देत, असं भट्टीवाल्याने सांगितलं. मी त्यांना त्याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, "हार दुसऱ्या दिवशी सुकतो. ग्रीस वर्सभर ऱ्हातं."

त्या दरम्यान मी एका शनिवारी गावी गेलो. आमचं गाव शेवगावच्या पुढे. ऊसतोडीचा हंगाम संपून आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, परत आले होते. मी फाटलेल्या पट्टीचा कापून टाकलेला एक तुकडा साहेबांना विचारून सोबत नेला होता. दादांनी तो तळहातावर घेऊन वरखाली केला. मग खुंटीवरचा कोयता काढला आणि दुसऱ्या हातात धरला.

"ह्ये लोखंड न्हाई," ते म्हणाले.

"टायटॅनियम आहे दादा. हाडं जोडायला वापरतात. विमानातपण."

"इमानाचं जाऊ दे. याचा कोयता व्हईल का?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता.

"दिसभर कोयता मारायचा म्हंजे मनगाट भरून येतं," दादा म्हणाले. "ह्यो हालका हाय. व्हईल का, इचार तुझ्या सरांला."

मी नंतर खरंच विचारलं. सर हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "धार टिकणार नाही. आणि हलका कोयता उसात शिरेल का, तेही बघावं लागेल. वजनच तर कापतं." मी ते फोनवर दादांना सांगितलं. "मंग काय उपेग," ते म्हणाले, आणि त्यांनी तो विषय सोडला. तुकडा मात्र परत दिला नाही. अजून तो देवळीत आहे.

त्या शनिवारी संध्याकाळी आई भाकरी करत होती. पीठ जुनं होतं. ते हंगामाआधी दळलेलं, डब्यात राहून गेलेलं. ज्वारीचं पीठ असं जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे चिकटपणा जातो, आणि थापताना भाकरीच्या कडा फाटतात. मग आई उकळतं पाणी घालून पीठ मळते. त्याने ते पुन्हा धरून राहतं. मी चुलीशी बसून तिला म्हटलं, की आमचंही असंच चाललंय, कडा फाटतायत.

"मंग ऊन ऊन लाटा की."

"ऊन ऊनच लाटतो आई."

"सगळीकडनं फाटती का एकीकडनं?"

"म्हणजे?"

"आता ही बग," ती भाकर फिरवत म्हणाली. "पिठाला विरी नसली म्हंजी गोल चहूकडनं चिरती. आन् माझा हातच वाकडा पडला तर एकीकडनं. तुमची कशी चिरती?"

चार-पाच पट्ट्या फाटलेल्या पाहिल्या होत्या, तडे किती लांब तेही मोजले होते, पण कुठल्या बाजूला, हे कधी पाहिलंच नव्हतं. आईने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जेव आदी. गार व्हईल."

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी शेडमध्ये गेलो. टाकून दिलेल्या पट्ट्या कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. मी त्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या, प्रत्येकीचं टिपक्याचं टोक माझ्याकडे करून. मग उकिडवा बसून बघत राहिलो. सगळ्यांचे तडे डाव्या कडेला होते. उजवी कड जवळजवळ साफ. आणि डाव्या कडेवरचा पांढरा लेपही जागोजाग उडालेला होता, एखाद्याने नखाने खरवडावा तसा.

म्हणजे धातूचा दोष नव्हता. धातूला डावं-उजवं कळत नाही. भट्टीचा असता तर वेगवेगळ्या बाजूला झाला असता, कारण ठोकळे आत कसेही ठेवले जात. काहीतरी दर वेळी एकाच कडेला होत होतं, आणि ते मी वहीत डोकं घातलेलं असताना होत होतं.

त्या दिवशी मी वही खाली ठेवली आणि नुसता बघत उभा राहिलो. भट्टीवाल्याने दार उचललं. मामांनी ठोकळा ओढला, वळले, आणि रोलरपाशी जमिनीत बसवलेल्या लोखंडी फरशीवर ठोकळ्याची डावी कड दोनदा आपटली. ठण, ठण. मग रोलरमध्ये घातला. हा आवाज मी रोज ऐकत होतो. शेडमधल्या शंभर आवाजांत तोही एक होता.

स्टीलच्या कामात हे करावंच लागतं, हे मला नंतर समजलं. स्टील तापलं की त्याच्यावर काळी पपडी धरते. ती न झटकता लाटलं तर ती पट्टीत दबते आणि देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात. म्हणून स्टीलवाला माणूस ठोकळा आपटून पपडी पाडतो. मामांच्या हाताला ही सवय तीसेक वर्षांची होती. टायटॅनियमची पपडी अशी झडत नाही. आपटल्याने झडत होता तो आमचा लेप. आणि गार लोखंडी फरशीला टेकल्याने ती एक कड क्षणात गारठत होती. आत बातमी पोचायच्या आधीच ती रोलरमध्ये जात होती.

पुढच्या ठोकळ्याला मी बंदूक त्या कडेवर रोखली. आपटण्याआधी आणि आपटल्यानंतर. आकडा असा खाली आला, की मला वाटलं यंत्र बिघडलं. नंतरच्या ठोकळ्यालाही तेच.

कारण सापडल्याचा आनंद मला तासभरही उपभोगता आला नाही. कारण आता ते मामांना सांगायचं होतं. ज्या माणसाला दसऱ्यानंतर आपलं मशीन राहील का याची काळजी आहे, त्याला मी कसं सांगू की कड तुमच्या हाताने फाटते? साहेबांना परस्पर सांगणं सोपं होतं, पण ते बरं दिसलं नसतं. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडले तेव्हा मी म्हटलं, "मामा, एक विचारू का?"

"इचार की. पैसे न्हाईत माझ्याकडं."

"तुम्ही ठोकळा आपटता ते कशासाठी?"

"पपडी पडायला."

"टायटॅनियमची पडते का?"

मामांनी घास हातातच ठेवला. भट्टीवाला मात्र थांबणारा नव्हता. "मामांचं सोड. ते लग्नाच्या पंगतीत पापडबी आपटून खातात."

"तू गप रं," मामा म्हणाले. मग मला, "न्हाई पडत. आता तू म्हनलास तवा ध्यानात आलं. मी आपटतोय खरं, पन पडतंय कुठं काय." मी पट्ट्या दाखवल्या, डाव्या कडा दाखवल्या. त्यांनी एकेक कडेवरून अंगठा फिरवला. त्यांना राग आला नाही, उलट ते उत्सुक झाले. बंदूक मागितली, स्वतः रोखून पाहिली, भट्टीवाल्याला एक भंगार तुकडा तापवायला लावला आणि फरशीवर टेकवून आकडा उतरताना बघत राहिले. पोरासारखे तीन-चार वेळा त्यांनी ते केलं.

"मग मामा, आपटायचं नाही," मी हळूच म्हटलं.

"मला सांगून काय उपेग? माझ्या हाताला सांग."

त्यांनी ते थट्टेत म्हटलं असं मला वाटलं. पण दुसऱ्या दिवशी पहिल्याच तापलेल्या तुकड्याच्या वेळी हात खाली गेला आणि ठण, ठण झालं. मामा स्वतःच चमकले. साहेबांना तोपर्यंत सगळं कळलं होतं. त्यांनी फरशीच उखडून काढायला सांगितली. भट्टीवाल्याने त्या जागी वाळूची बादली ठेवली. तुकड्यांवर सराव झाला. हात अर्ध्यात जाई, थांबे, मग रोलरकडे वळे. त्या अर्ध्या क्षणात मामांच्या चेहऱ्यावर जे दिसे ते मी कधी विसरणार नाही. आपल्याच हाताला कुणी नव्यानं चालायला शिकवावं तसं ते होतं.

शेवटचे तीन ठोकळे उरले होते. पट्ट्या तीनच हव्या होत्या. चूक करायला जागा नव्हती.

त्या दिवशी सरही आले होते. साहेब हाताची घडी घालून उभे. पहिली पट्टी निघाली. गार झाल्यावर आम्ही दोन्ही कडा भिंगाखाली पाहिल्या. साफ. दुसरीही साफ. सर मला म्हणाले, "बघ," एवढंच. तिसरा ठोकळा भट्टीतून निघाला. मामा वळले. बादलीमुळे खाली जागा नव्हती, म्हणून हात थोडा बाजूला गेला आणि मशीनच्या चौकटीचा जो पाय जमिनीत रुतवला आहे त्याच्यावर, ठण. एकदाच. दुसऱ्या आपटीआधी हात थांबला. पण एकदा झालं होतं.

ठोकळा परत भट्टीत घालावा का, असं साहेबांनी सरांकडे बघून विचारल्यासारखं केलं, पण मामांनी तोवर सवयीने तो रोलरमध्ये दिला होता. पट्टी बाहेर आली. गार झाली. कड साफ दिसत होती. भिंगातूनही साफ.

"दिसतेय तर चांगली," साहेब म्हणाले.

मामांनी पंच उचलला, पट्टीच्या मागच्या टोकाला आधीच्या टिपक्याशेजारी दुसरा टिपका मारला आणि पंच खाली ठेवला.

"हे कशाला?" साहेबांनी विचारलं.

"ही आपटलेली हाय साहेब. एखाद्याच्या मांडीत बसायची उद्या. त्यांना म्हाईत असावं."

"अहो पण त्यांना तीन चांगल्या हव्यात. दोनच धरल्या तर अख्खी चाचणी बाद होईल. मशीनचं काय ते तुम्हालाच माहीत आहे."

"म्हाईत हाय," मामा म्हणाले. त्यांनी खडूच्या आकड्याकडे पाहिलं नाही. मी पाहिलं.

साहेब बाहेर जाऊन उन्हात उभे राहिले. थोड्या वेळाने आत आले, मोबाईल कानाला होताच. ते पुण्याच्या माणसाशी आमच्यासमोरच बोलले. तीन पट्ट्या पाठवतोय, त्यातली दोन टिपक्यांची रोलरमध्ये जाण्याआधी गार लोखंडाला लागलेली आहे, वरून काही दिसत नाही, तुम्ही तिन्ही वाकवून बघा. पलीकडून काय म्हणाले ते आम्हाला ऐकू आलं नाही. फोन ठेवून साहेब म्हणाले, "कळवतो म्हणालेत."

कळवायला त्यांनी फार वेळ लावला. माझा अहवाल झाला, तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तिसऱ्या पट्टीचं काय झालं?" मी म्हटलं, "अजून कळलं नाही सर." ते म्हणाले, "म्हणजे तुझं अनुमान सिद्ध झालेलं नाही." मी "हो" म्हटलं. ते बरोबरच होतं. दोन चांगल्या पट्ट्या नुसत्या योगायोगानेही चांगल्या निघू शकतात. मला मनातून कळायचं होतं ते तिसरीचं. ती वाकली असती तर माझं सगळं म्हणणं लंगडं पडलं असतं, पण मामांचं मशीन वाचलं असतं. ती तुटली असती तर मी बरोबर ठरलो असतो. मला नक्की काय व्हायला हवं होतं, हे मी अनेकदा स्वतःला विचारलं. उत्तर दर वेळी सारखं येत नसे.

पाऊस सरला. निकाल लागला, मी पास झालो. नोकरीचे अर्ज करून गावी येऊन राहिलो. दसरा जवळ आला तसा मी सारखा फोन बघू लागलो. मामांना स्वतःहून विचारायचा धीर होईना. वाईट बातमी माणसाच्या तोंडून काढून घेऊ नये असं वाटायचं.

दसऱ्याच्या अलीकडे, बाजाराच्या दिवशी, मी दादांबरोबर शेवगावला गेलो. तोडीला निघायचे दिवस जवळ आले होते आणि कोयत्यांना पाणी द्यायचं होतं. लोहाराच्या पालापुढे आम्ही बसलो होतो. त्याने भात्याजवळून लाल झालेलं पातं काढलं आणि ठोकण्याआधी ऐरणीच्या कडेला दोनदा आपटलं. काळी पपडी चटकन गळून पडली. मी तिकडे एवढा टक लावून बघत राहिलो की दादांनी विचारलं, "काय झालं रं?"

तेवढ्यात फोन वाजला. मामा होते.

"कुठं हायेस इंजिनेर?"

"शेवगावला मामा. लोहाराकडं."

"बरं. तुझ्या पट्ट्यांचं आलं काल."

मी उभा राहिलो. मागे लोहाराचा घण सुरू झाला होता. मी दुसरा कान हाताने झाकून बाजूला गेलो.

"दोन वाकल्या. पार दुमडल्या म्हनं, पन चीर न्हाई. दोन टिपक्याची तुटली."

ती तुटली हे ऐकून मला आनंद झाला. हे लिहायला मला संकोच वाटतो, पण तसं झालं खरं. लगेच मी विचारलं, "मग मामा, मशीन?"

"तेच इचारत हुते पुन्याचे साहेबांला, की कुठली तुटंल हे तुमाला आदीच कसं म्हाईत. साहेबांनी तुझं सगळं सांगितलं, डावी कड न् काय काय. मंग म्हनले, कारन सापडलंय तर दोनबी पुरंत, आन् फुडचे ठोकळे निघालेत तिकडनं. टेम्पो उद्या येतोय." ते थोडं थांबले. कुणाशी तरी बोलल्याचा आवाज आला. "आन् हितं साहेबांनी हिरव्या रंगाचा डबा आनलाय मशीनीला. भट्टीवाला लगेच बुरूस घेऊन उभा. मी म्हनलं थांब, आदी खडूचं पुसू दे."